चार अँगलचा गाडा

हसणार नसाल तर सांगते. हसालच म्हणा, आमचं अख्खं तामलवाडी गाव अजून हसतंय!

मी नुकतीच इंजिनिअर झालेली. आण्णांचं, म्हणजे वडिलांचं, वेल्डिंगचं वर्कशॉप. आल्या आल्या मी तिथं कम्प्युटर मांडला. "आण्णा, मोठ्या कारखान्यात वस्तू आधी कम्प्युटरवर करतात. तिच्यावर खोटं वजन ठेवतात. कुठं वाकती ते बघतात, मगच लोखंडाला हात!"

आण्णा इतके खूश, की दारावर पाटीच रंगवली: 'इथे कम्प्युटरवर तपासलेले गाडे मिळतील.'

पहिलं गिऱ्हाईक बेंबळीचे बाबूमामा. "पोरी, मोटरसायकलमागं जोडायला गाडा पायजे. रविवारी आठ शेळ्या बाजारात न्यायच्यात. पर हलका कर बरं का, माझी गाडी म्हातारी हाय."

"मामा, बघाच तुम्ही!"

आमचे जुने वेल्डर गफूरचाचा म्हणाले, "चार अँगल बस्स होतात." कशावरून? तर नजरेनं! मला हसूच आलं. तरी चार अँगलचा, म्हणजे चार लोखंडी दांड्यांचा, गाडा कम्प्युटरवर केला, आठ शेळ्यांचं वजन ठेवलं आन् बटण दाबलं.

अगं बाई! गाडा झोळीसारखा खाली आला की हो! मधोमध लालभडक, धोक्याचा रंग!

"बघा चाचा, तुमच्या नजरेनं शेळ्यांचे पाय मोडले असते!"

मी दोन अँगल वाढवले. लाल मधून गेलं, कोपऱ्यात आलं. तिथं पट्टी मारली, तर लाल जोडायच्या हुकाजवळ! वाकणं मात्र तेवढंच. मग काय, मला चेवच चढला. अजून चार अँगल! तळाला जाड पत्रा! रविवार जवळ आला होता, म्हणून मी सांगेन ते चाचा लगेच खऱ्या गाड्याला जोडत होते. लाल काही जाईना!

रविवारी सकाळी मामा आले. गाडा जोडला, किक मारली. मोटरसायकल नुसती गुरगुरली, जागची हलेना. आन् अजून एकही शेळी चढली नव्हती, बरं का!

मामा उतरले. "पोरी, म्या गाडा सांगितलता. तू तर पूल बांधलास! आता शेळ्या काय खांद्यावर नेऊ?"

माझं तोंड एवढंसं झालं. आण्णा पाटीकडं बघत उभे.

चाचा कम्प्युटरकडं बोट करून हळूच म्हणाले, "बेटा, एक पुछू? इतकं लोखंड घातलं तरी वाकणं तेवढंच कसं? आन् पडद्याच्या ह्या कोपऱ्यात आधी शंभर लिहिलेलं, आता पाच हजार झालंय. ते कशाचं?"

मी बघितलं आन् मला दरदरून घाम फुटला. वाकणं डोळ्याला दिसावं म्हणून कम्प्युटर ते मोठं करून दाखवतो, आन् किती पट ते कोपऱ्यात लिहितो! लोखंड वाढलं तसं खरं वाकणं घटत गेलं, आन् तो ते अजून मोठं करत गेला. लालचंही तसंच. सगळ्यात जास्त ताण जिथं, तिथं तो लाल दाखवणारच, मग तो ताण किती का थोडा असेना. चाचांचा गाडा खरा वाकला असता तो नखाच्या जाडीएवढा!

ग्राइंडर घेऊन मीच माझं सगळं लोखंड कापलं. राहिले चार अँगल. दुपारी आठही शेळ्या ऐटीत बाजाराला निघाल्या. मामा जाता जाता ओरडले, "लई हलका झाला बघ! कम्प्युटरची कमाल!"

कापलेल्या लोखंडाचं चाचांनी मला कम्प्युटरपुढं बसायला स्टूल केलं. "बैठो बेटा, हे काय वाकत न्हाय."

वाकत न्हायच. सरकतसुद्धा न्हाय! रोज त्याच्या भोवतीनंच झाडते मी.