समुद्राचे शेवाळ आणि मासेखाऊ मांजर

ऐंशीच्या दशकातल्या एका श्रावणात, पहिल्या सोमवारच्या आदल्या दिवशी, बोरीत आमच्या काकूच्या गायीसाठी समुद्रातले वाळवलेले लाल शेवाळ आले. काकूने समुद्र पाहिलेला नव्हता. गायीनेही नाही.

शेवाळ गुरांच्या डॉक्टरांनी आणले होते. कोकणातल्या ओळखीतून त्यांना एक पोतडी मिळाली होती आणि एखाद्या गायीला आंबोणातून, म्हणजे भिजवलेल्या पेंडीतून, देऊन पाहायचे होते. मी तेव्हा परभणीच्या एका दैनिकात होतो. विद्यापीठाच्या नामांतराच्या बातम्यांतून दोन दिवसांची रजा मिळाली होती. काकूची लालकंधारी गाय मीच सुचवली. व्याल्यापासून ती अंग धरत नव्हती.

पोतडी उघडली आणि ओसरीवर मासळीचा वास पसरला. काकूचे घर लिंगायत. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी महादेवाला पहिला तांब्या याच गायीच्या दुधाचा असे. मासळी खाल्लेल्या गायीचे दूध पिंडीवर चालणार नव्हते.

"डॉक्टरसाब, ह्ये बोंबील हाय का?"

"नाही काकू, वनस्पती आहे. लोखंडाला हवेने गंज चढतो ना, तसेच काहीसे शरीरात आतल्या आत होत असते. उन्हाळ्यात जास्त. या शेवाळातली द्रव्ये ते रोखतात, असा अंदाज आहे."

"माझी गाय काय लोखंडाची हाय व्हय?"

"पालकाची भाजी समजा."

"पालकाला असा वास येत न्हाई."

ही वनस्पतीच आहे, असे मीही सांगितले.

"तू गप बस, बाबा. तुझ्या पेपरात लय काय काय येतं."

काकूने मांजराची साक्ष काढायचे ठरवले. घरचे मांजर जन्मापासून दूधभातावर होते. मासळी त्याला ओळखू येईल याचा भरवसा नव्हता. नदीकडच्या गल्लीत मासे धरणाऱ्यांच्या घरी एक मांजर होते. ते मी टोपलीखाली झाकून आणले. मागोमाग त्याची मालकीण आली.

"आमच्या मांजराला पंच केलं व्हय? मग त्याचा भत्ता?"

मांजराने शेवाळ हुंगले, शिंकले आणि पाठ फिरवली.

"त्याचे पोट भरलेले असेल," डॉक्टर म्हणाले. त्यांना तुलना हवी होती. मालकिणीने घरून सुका बोंबील आणला. तो अंगणाबाहेर, रस्त्यावर ठेवण्यात आला. काकू नाकाला पदर लावून पाठमोरी उभी राहिली.

"खाल्लं का?"

"शेपटीसकट," मालकीण म्हणाली.

"मग ह्यो पालाच हाय," काकू म्हणाली. तिने हात धुतले आणि मूठभर शेवाळ पेंडीत कालवले. गायीने घमेले चाटून काढले. डॉक्टरांनी वहीत कारण लिहिले: मीठ.

सोमवारी सकाळी पिंडीवर पहिला तांब्या काकूच्या गायीच्या दुधाचा पडला. नदीकडच्या गल्लीतले मांजर त्या वेळी काकूच्या अंगणाबाहेर, रस्त्यावर, आदल्या दिवशीच्याच जागी बसलेले होते.