अकरा रविवार आणि अक्षरांची थैली

त्या क्लबात मी अकरा रविवार गेलो आणि एकदाही खेळलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर लिहिता लिहिता मी त्या लोकांची बाजू घ्यायला लागेन. ती माझी खोड आहे. कुणी वाईट वागलं की त्याचंही काही कारण असेल, असं मी आधी म्हणतो. या बाबतीत तसं म्हणायचं नाही, असं ठरवूनच बसलो आहे.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची ती वर्षं होती. मी परभणीला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. घर पिंगळीजवळच्या खेड्यात. आई-वडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळ्यातच परतायचे. कॉलेजचं तोंड पाहिलेला घरातला मी पहिलाच. त्यामुळे कॉलेजात जे काही असतं ते सगळं आपल्याला यायला पाहिजे, असं मला वाटायचं. टेबलटेनिससुद्धा. पण तिथे रांगेत माझा नंबर कधी लागला नाही.

वाचनालयात जुन्या इंग्रजी साप्ताहिकांचा ढीग असायचा. त्यातल्या एका अंकात शब्दांच्या खेळाची माहिती सापडली. पंधरा बाय पंधरा घरांचा पट. थैलीत अक्षरांच्या छोट्या सोंगट्या. न बघता हात घालून सात उचलायच्या, पटावर इंग्रजी शब्द मांडायचा, पुढच्यानं त्यालाच आपला शब्द जोडायचा. प्रत्येक अक्षराला ठरलेले गुण. मुंबईच्या कुठल्याशा खेळाडूंच्या मंडळाचा पत्ता खाली दिला होता. पुढचं पान फाटलेलं होतं, आणि कोणतं अक्षर किती वेळा घ्यायचं ते नेमकं त्या पानावर असणार.

वसतिगृहात माझ्या खोलीत ताडकळसच्या बऱ्यापैकी शेतकऱ्याचा मुलगा राहायचा. त्याला विचारलं. तो म्हणाला, "लय डोकं नको चालवू. पत्त्यात एक्के किती असतेत? चार. राजे किती? चार. मग हे बी चार-चार कर."

मला ते पटलं. त्याच्याकडच्या जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून आम्ही एकशे चार सोंगट्या केल्या. प्रत्येक अक्षर चार वेळा. चार क्यू, चार झेड, चार एक्स. आणि ज्याच्याशिवाय इंग्रजी हलत नाही ते ई, तेही चारच. थैली म्हणून त्याच्या आईनं लाडू बांधून दिलेली कापडी पिशवी घेतली. दर डावात आमच्या हातात नुसती अवघड अक्षरं यायची आणि आम्ही एकमेकांकडे बघत बसायचो. खेळ असाच कठीण असतो असं समजून मी वाचनालयातल्या मोठ्या शब्दकोशातून त्या अक्षरांचे शब्द उतरवायला लागलो. दोनशे पानी वही भरत आली. मित्र मात्र कंटाळला. "हे काय खेळणं हाय का, परीक्षाच हाय," म्हणाला आणि व्हॉलीबॉलकडे गेला.

मला खेळायला माणसं हवी होती. मी मुंबईच्या त्या पत्त्यावर जवाबी पोस्टकार्ड टाकलं. मराठवाड्यात हा खेळ कुठे खेळतात ते कृपया कळवावे, असं लिहिलं. इंग्रजी तीनदा तपासलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: आपल्याच गावी. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका क्लबात दर रविवारी सकाळी डाव बसतो. त्या इमारतीवरून मी रोज चालत जात होतो. चौकशी केली तर आम्हाला इंग्रजी शिकवणारे सरही तिथले सभासद निघाले. त्या रात्री मला आनंदानं जेवण गेलं नाही.

सर म्हणाले, चल की. पहिल्या रविवारी त्यांच्याबरोबर गेलो. क्लबाचे सेक्रेटरी वकील होते, जाड, हसऱ्या चेहऱ्याचे. त्यांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं. मग म्हणाले, "गावात घर कुठल्या बाजूला?"

त्यांना आमचं गाव माहीत आहे असं वाटून मला बरं वाटलं. मी खरं सांगितलं, "ओढ्याच्या पलीकडे, साहेब."

"अच्छा," ते म्हणाले. आणि माझ्या हातात वही-पेन्सिल दिली. आज गुण लिही, आधी खेळ नीट समजून घे, मग बघू.

मी आमच्या सोंगट्या नेल्या होत्या. त्या बघून टेबलावर हशा पिकला. "चार झेड? अरे, रमी लावायची का आपल्याला?" मीही हसलो. चूक माझीच होती. त्यांच्या खऱ्या लाकडी सोंगट्यांत झेड एकच होता आणि ई बारा. मी ते सगळे आकडे वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतले आणि खोलीवर जाऊन नवीन संच कापला.

पुढचे रविवार मी गुण लिहीत गेलो. शब्दकोशात शब्द बघून सांगायचा, बेरीज सांगायची, पाणी कुणाला हवं ते विचारायचं. टेबलाच्या कोपऱ्याला एक लोखंडी खुर्ची होती, ती माझी. तिथून चौघांचे शब्द जुळताना दिसायचे आणि कुणाला काय सुचत नाही तेही कळायचं. एकदा कुणाला न सुचलेला शब्द माझ्या तोंडातून निघून गेला. सर म्हणाले, खेळू दे त्यांना. कधी कुणी वर्तमानपत्र उघडून नामांतराचा विषय काढायचं, मग माझ्याकडे नजर जायची आणि बोलणं कापसाच्या भावावर यायचं.

सहाव्या रविवारी नांदेडहून बदली होऊन आलेले एक साहेब आले. त्यांना खेळातलं काहीच येत नव्हतं. एकानं आपली जागा देऊन त्यांना लगेच पटावर बसवलं आणि नियम समजावायला मला सांगितलं. मी समजावले. मन लावून समजावले, याची आज जास्त चीड येते.

आठव्या रविवारी एक सोंगटी टेबलावरून पडून माझ्या खुर्चीखाली गेली. मी वाकलो तर वकील घाईनं म्हणाले, "राहू दे, राहू दे." एवढा जाड माणूस गुडघे टेकून खाली बसला आणि त्यानं ती स्वतः उचलली. मला तो मान वाटला. वाटलं, आपल्याला आता हे लोक नोकरासारखं वागवत नाहीत. संध्याकाळी मित्राला तसं सांगितलंही. तो काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. त्याला तेव्हाच कळलं असणार. तो न बोलल्याचा राग मी बरीच वर्षं धरला होता.

अकराव्या रविवारी चौघांतला एक जण आला नाही. खुर्ची रिकामी होती. मी उभा राहिलो आणि म्हटलं, मी बसू का? वकील सोंगट्या थैलीत भरत होते. मान वर न करता म्हणाले, आज तिघंच खेळू.

मी सरांना व्हरांड्यात बोलावलं. सरांना बाहेर बोलावण्याची माझी ती पहिलीच वेळ. विचारलं, सर, माझं काय चुकतंय?

सर रस्त्याकडे बघत म्हणाले, "हे बघ, माझं काही नाही. पण थैली एकच असते. सगळ्यांचे हात तिच्यात जातात. तुला जास्त सांगायला नको."

तेव्हा मला एकदम सगळं कळलं. वही चालत होती, कारण वही एकट्या माझ्या हातात राहायची. पाण्याची फक्त विचारपूस चालत होती. आणायला दुसरा माणूस होता. वकिलांचे ते टेकलेले गुडघे माझ्या मानासाठी नव्हते.

"सर," मी म्हटलं, "माझे पेपर तुम्ही हातात घेऊनच तपासता ना?"

सरांनी घड्याळ बघितलं. "वाईट वाटून घेऊ नकोस, तू हुशार आहेस," असं म्हणून ते आत गेले.

मीही आत गेलो. थैली टेबलावर होती. मी तिच्यात मनगटापर्यंत हात घातला, सावकाश सात अक्षरं काढली आणि रिकाम्या खुर्चीसमोर मांडली. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मलाही ओरडता आलं असतं. वकील फक्त म्हणाले, आज इथंच थांबू. आणि पट मिटला. नांदेडचे साहेब, ज्यांना मी खेळ शिकवला होता, ते खिडकीतून बाहेर बघत होते.

नंतर कळलं की क्लबात नवी थैली शिवून घेतली. लाकडी अक्षरांचं काय केलं ते मी विचारलं नाही. वर्गात सर माझ्या बाकाकडे बघायचे नाहीत, आणि वर्षअखेरीला त्यांनी मला चांगले गुण दिले. त्या गुणांनीही माझा राग उतरला नाही, उलट वाढला.

मी पुठ्ठ्यावर शाईनं लिहून वाचनालयाच्या फलकाला पाटी लावली: शब्दांचा खेळ, दर रविवारी सकाळी, वसतिगृहाचा व्हरांडा, कुणीही यावे. दोन रविवार मी एकटाच पट मांडून बसलो. तिसऱ्या रविवारी रेल्वेच्या मालधक्क्यावरचे एक कारकून आले, चाळिशीचे. सायकल भिंतीला लावून पायरीशीच उभे राहिले.

"सेक्रेटरी कोण हायेत? अर्जावर कोणाच्या सह्या लागतेत?"

"कुणाच्या नाही. बसा." आवाज इतका चढला की मलाच खटकला.

ते मागे सरकले. "अहो, चिडायला काय झालं? म्हणत असाल तर जातो मी."

मी उठून त्यांच्यापर्यंत गेलो. तुमच्यावर नाही चिडलो, म्हणालो. कुणावर, ते सांगायला गेलो तर शब्द जुळेनात. त्यांनी ऐकून घेतलं, वहाणा काढल्या आणि माझ्यासमोर मांडी घातली. खऱ्या हिशेबाच्या सोंगट्यांनी खेळायची मला सवय नव्हती. पहिला डाव मी हरलो, बऱ्याच गुणांनी, आणि त्याचाही राग आला.

"अजून एक," मी म्हटलं.