मोठ्या मुलांचं बोरन्हाण

"काम काही नाही, बस, बसायला आले," असं जाळीच्या दारातूनच म्हणत काकू चपला काढायच्या. आत या म्हणण्याची वाट त्यांनी कधी पाहिली नाही. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल, आणि सुरुवातीला तुम्हाला तिचा रागही आला असेल. मला आला होता.

बँकेत असलेल्या नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही उज्जैनला, माधव नगरात राहायला आलो, तेव्हा ओजस सात वर्षांचा होता. तो बोलत नाही. आनंद झाला की मोठ्याने ओरडतो, भीती वाटली की त्याहून मोठ्याने. लोक वळून पाहतात. त्या पाहण्याचा मी इतका धसका घेतला होता की तो ओरडला रे ओरडला, त्याला ओढत घरी आणायची. पुढे पुढे तर बाहेर जाणंच सोडलं.

काकू दोन घरं सोडून राहायच्या, पिढ्यान्‌पिढ्या उज्जैनच्या. पहिल्याच दिवशी मी ओजसला आतल्या खोलीत न्यायला लागले तर म्हणाल्या, "राहू दे ना इथेच. माझ्याशी थोडंच भांडून राहिलाय तो." तो ओरडत होता आणि त्या माझी मेथी निवडत होत्या. मेथी फार वाईट निवडायच्या, अर्धे देठ तसेच. पण सल्ला एकही दिला नाही. अमका वैद्य नाही, तमका नवस नाही. त्या गेल्यावर मला कितीतरी दिवसांनी भूक लागली.

अशी मुलं असलेल्या आणखी काही घरी त्या जातात, हे हळूहळू कळलं. फ्रीगंजला एकीकडे, भैरवगडला कापडावर छपाई करणाऱ्यांच्या घरी एकीकडे. आम्ही एकमेकींना पाहिलेलं नव्हतं, पण कुणाचं मूल काल शांत झोपलं ते काकूंमुळे सगळ्यांना ठाऊक असे.

एका संक्रांतीनंतर त्यांनी आम्हाला मुलांसकट घरी बोलावलं. बोरन्हाण करायचं म्हणे. मी म्हटलं, ते तर लहानग्यांचं असतं, ओजस आता केवढा झाला.

"लहान होता तेव्हा केलं होतंस?"

केलं नव्हतं. चार माणसं बोलवावी लागली असती म्हणून केलं नव्हतं.

काकूंनी हौसेने हलव्याचे दागिने केले होते. ओजसला पाटावर बसवलं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे ओतले. तो असा किंचाळला की बाकीची मुलंही रडायला लागली. हलव्याचा मुकुट भिंतीवर जाऊन फुटला. अचानक अंगावर काही पडलेलं या मुलांना सोसत नाही, हे हौसेच्या भरात त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. मी ओजसचा हात धरून दाराकडे निघाले.

काकू क्षणभर गोंधळल्या. मग त्याच पाटावर स्वतः बसल्या. "चुकलं बेटा माझं. आता तू टाक."

ओजस थांबला. बराच वेळ पाहत राहिला, मग मूठभर चुरमुरे त्यांच्या पांढऱ्या केसांवर टाकले आणि हसला. काकू उठल्या आणि त्यांनी मला बसवलं. मग एकेक आई पाटावर बसली. भैरवगडच्या बाईने बोरन्हाण कधी पाहिलंही नव्हतं. मुलगी डोक्यावर बोरं टाकत होती आणि ती रडत होती. तिचं पाहून आम्हीही रडलो.

केर काढताना मी काकूंना विचारलं, हे सगळं कशासाठी करता. त्या म्हणाल्या, "मोठ्या जाऊबाईंचा मुलगा असाच होता. घरात हळदीकुंकू असलं की आम्ही मायलेकांना मागच्या खोलीत बसवायचो. त्या कधी काही बोलल्या नाहीत गं."

पुढच्या वर्षी काकू गेल्या. तेराव्याला निघताना नवरा म्हणाला, ओजसला घेऊन मी घरी थांबतो. मी त्याला बरोबर घेतलं. खोली माणसांनी भरलेली, सगळे गप्प. भैरवगडची बाई लेकीला घेऊन आली होती. तिने सरकून आम्हाला जागा दिली. समोर हार घातलेला काकूंचा फोटो होता. तो पाहिला आणि ओजस आनंदाने ओरडला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मी बसून राहिले.