चित्रात गेलेला शर्ट

शाळेतली चित्रकलेची नोकरी संपली आणि मी मनासारखी चित्रं काढायला लागले. तोवर नुसत्या मुलांच्या फुलदाण्याच तपासल्या होत्या. मंगळवार पेठेतल्या आमच्या घराची वरची खोली मला मिळाली आणि लवकरच लक्षात आलं, की एकट्या रंगानं माझं भागत नाही. राग आलेला असला तर तांबडा फासून तो उतरत नाही. काहीतरी टराटरा फाडून कॅनव्हासवर चिकटवावं लागतं, वर रंग थापावा लागतो आणि तो अर्धवट वाळला की उलथण्यानं खरवडावा लागतो.

चिकटवायचं तेही घरातलंच लागायचं. दुकानातलं कोरं कापड चित्रात परक्यासारखं बसून राहतं. त्यामुळे घरात माझी दहशत बसली. गोणपाट गेलं, चहाचा चोथा गेला, सुनेनं ओढण्या कपाटात घालून कुलूप लावलं. एकदा थालीपिठाला निळी कड आली, तेव्हापासून ती उलथणंही लपवून ठेवायला लागली.

आमचे हे मात्र निर्धास्त. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि बोलायला अतिशय कंजूष. चित्रालाही 'बरं हाय' म्हणणार, आमटीलाही आणि जावयालाही.

त्यांचा एक आकाशी चौकटीचा शर्ट होता, कोपरावर विरलेला. तो मला बोहारणीसाठी बांधलेल्या गाठोड्यात दिसला. टाकलेलाच आहे असं समजून मी त्याचा पुढचा भाग खिशासकट कापला, खळीनं चिकटवला आणि त्यावर काळ्याचे, गेरूचे थर चढवले. खिसा तेवढा मोकळा सोडला. तोही चिकटवून टाकला असता, तर शर्टातला माणूसच गेल्यासारखं वाटलं असतं. त्या आठवड्यात घरातल्या कपाटांची दारं फार आपटत होती. ह्यांचं काही हरवलं की हे कुणाला विचारत नाहीत, दारं आपटतात. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

पुढे शहरातल्या एका कलादालनात माझं पहिलंवहिलं प्रदर्शन लागलं. दुसऱ्या दिवशी हे आले. हात मागे बांधून एकेक चित्र पाहत त्या चित्रापुढे थांबले आणि तिथून हलेचनात. इतक्या वर्षांनी एक तरी चित्र ह्यांना भिडलं, म्हणून माझा ऊर भरून आला. तेवढ्यात त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि सवयीनं सरळ चित्रातल्या खिशात ठेवला.

मग स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाले, "हा माझा शर्ट हाय."

मागे हुपरीचे एक गृहस्थ उभे होते. त्यांचा घरीच चांदीच्या पैंजणांचा कारखाना. हेच चित्र घ्यायचं म्हणून ते सकाळी एकदा येऊन गेले होते. त्यांनी मला अदबीनं विचारलं, की चष्मा चित्राबरोबर मिळणार का. मी उत्तर देण्याआधीच ह्यांनी सांगून टाकलं, की चित्र विकायचं नाही. माझं पहिलंच गिऱ्हाईक! मी ह्यांना बाजूला ओढलं आणि गाठोड्यात टाकलेल्या शर्टाचा एवढा पुळका कशाला, असं विचारलं. तो सुनेनं चुकून टाकला होता, म्हणे.

हुपरीचे पाहुणे चित्राजवळ वाकून बघत होते. "पावणं," ते ह्यांना म्हणाले, "हे खिशाजवळचं डाग जुनं दिसत्यात. चित्राच्या आधीचं."

हे जरा घुटमळले. "व्हय. ही रंगवताना हात झाडती. मागं उभारलं की अंगावर येतंय. म्हणून वर जाताना ह्योच घालायचो."

मला काही कळेना. तुम्ही वर कधी येत होता, मी विचारलं. रोज चार वाजता, चहा ठेवायला, असं ते म्हणाले. चहा ठेवून मागे उभे राहायचे, कप निवला की खाली जायचे.

तो चहा सून ठेवून जाते, असंच मी धरून चालले होते. एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं.

आता मलाच ते चित्र विकावंसं वाटेना. मी पाहुण्यांची माफी मागायला लागले, तर हे उलटले. "द्यून टाक त्यास्नी. नीट बघत्यात," म्हणाले, आणि खिशातला चष्मा काढून घेतला. आधी ते नको म्हणत होते, आता मी म्हणत होते, आणि पाहुणे दोघांच्या मध्ये उभे राहून ज्याचं त्याचं ऐकून मान डोलवत होते. शेवटी चित्र हुपरीला गेलं. हे स्वतः बरोबर गेले आणि ऊन लागणार नाही अशी भिंत निवडून आले.

वरच्या खोलीत आता ह्यांच्यासाठी खुर्ची आहे. चार वाजता दोन कप येतात. परवा मात्र त्यांनी कडक इस्त्री केलेली जुनी पँट माझ्या टेबलावर आणून ठेवली. "वापर," म्हणाले, "टाकलेलीच हाय." तेव्हापासून मी त्या पँटकडे बघत बसले आहे, आणि ते माझ्याकडे.