लिपस्टिक पुसायला मी सांगितलं

गेल्या मार्चमधल्या एका रविवारी सकाळी, मुलुंडमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये, मी एका बाईला लिपस्टिक पुसायला सांगितलं. तिनं पुसली.

बाई मणिपूरची. तिथल्या हिंसाचारात तिचं घर जळलं. काही महिने मदत शिबिरात काढून ती दोन मुलींसह घाटकोपरला, टेकडीवरच्या वस्तीत भावाच्या खोलीत आली होती. गावी ती शाळेत शिकवायची. मी ज्या मंडळात नोकरीला होते, ते अशा कुटुंबांना संच देत होतं. गॅसची शेगडी, भांडी, गाद्या, महिन्याचा शिधा. कुटुंबं शोधणं, यादी करणं आणि फोटो काढणं माझं काम. फोटोत खोक्यावरचं देणगीदाराचं नाव दिसलं पाहिजे, असा नियम होता. फोटो नाही तर संच नाही.

बाई इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आली होती. फोटो काढायचा म्हटल्यावर माणसं नीटनेटकी येतात. आमच्याकडेही तसंच.

मंडळाच्या उपाध्यक्षांना आम्ही ताई म्हणायचो. त्यांनी मला हाक मारली.

"अगं, ही काय लग्नाला आलीय का? असा फोटो गेला तर लोक विचारतील, हिला कशाला मदत?"

"ताई, टीचर आहे ती."

"असू दे गं. ते लाल पुसायला सांग आधी. आणि हसू नको म्हणावं. तूच सांग, तुला बरोबर जमेल. तुमच्या लोकांना घ्यायची सवय असते ना."

हॉलमध्ये सात-आठ जण होते. दोघे हसले. मीही हसले. हे लिहिणं भाग आहे. मी हसले.

आम्ही बौद्ध. वडील बुलढाण्याहून आले, मी घाटकोपरला वाढले. चौथीत असताना अशाच एका हॉलमध्ये मला फुकट दप्तर मिळालं होतं. आईनं तेल लावून दोन वेण्या घातल्या होत्या, वर नवी रिबन. फोटोआधी एका काकूंनी रिबन सोडून घेतली. घरी मी सांगितलं, हरवली. आईनं मारलं. ताईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना फक्त माझं आडनाव माहीत होतं.

तरी मी बाईकडे गेले. रुमाल पुढे केला.

"थोडा पोंछ लो. फोटो में अच्छा नहीं लगेगा."

"किसको?"

मी रुमाल तिच्या हातात दिला. तिनं ओठ पुसले. शेजारी उभ्या धाकट्या मुलीनंही हाताच्या पालथ्या बाजूनं आपले ओठ पुसले. त्या मुलीनं लिपस्टिक लावलेली नव्हती.

मी मोबाइल वर धरला. मग खाली घेतला.

"ताई, मी फोटो काढणार नाही. हिचा नाही, कुणाचाच नाही. आणि माझ्या लोकांबद्दल पुन्हा बोलायचं नाही."



"भलताच माज आलाय तुला," ताई म्हणाल्या. "ठीक आहे. मग हिचा संच पण नाही."

दोन जणांनी खोकं उचलून आत नेलं. बाई माझ्याकडे वळली.

"पोंछने को बोला तब मेरे को पूछा नहीं. अब ना बोला, तब भी नहीं पूछा. मेरे को चूल्हा चाहिए था."

मुलींना घेऊन ती निघून गेली. तिचं बरोबर होतं. माझ्या नकाराचं मोल तिनं भरलं होतं.

चार दिवसांनी मी मंडळासाठी एक अर्ज लिहिला. फोटोची अट रद्द करा, सही घेऊन संच द्या. खाली रविवारी काय घडलं ते लिहिलं. ताईंचं वाक्य जसंच्या तसं. मी हसले ते. मी पुसायला लावलं ते. या वेळी अर्ज आधी टेकडीवर घेऊन गेले आणि दारात उभी राहून तिला हिंदीत वाचून दाखवला. देऊ का, विचारलं.

"दो," ती म्हणाली. अर्जावर तिनं सही केली. आत बोलावलं नाही.

अर्जावर मंडळाचा पोचशिक्का आहे. त्याच आठवड्यात माझी नोकरी गेली. फोटोची अट अजून कायम आहे. बाईला संच मिळालेला नाही. अर्ज मागे घेतलास तर परत कामावर ये, असा निरोप दोनदा आला. मी तो मागे घेतलेला नाही.