मोहोरावर नजर ठेवणारी अँटेना

आंब्याच्या मोहोराचा वास आला की मला आजही मिरजोळ्याची ती गच्ची दिसते आणि गच्चीचे मालक, साक्षात संशयमूर्ती बापूकाका! तिथे मी उपग्रहांचे संदेश पकडणारी पांढरी अँटेना बसवली होती. एका सकाळी पाहतो तर तिच्यावर आंबे भरायचा बांबूचा हारा पालथा!

"मोहोराला नजर लागते," काका गुरगुरले. "ह्या डोळ्यानं तू माझी बाग बघतोस. उद्या काढून ने हो."

माझं सगळं काम त्या गच्चीवर अवलंबून होतं. मी हात जोडले. "काका, उपग्रहावरून दोन संदेश एकदम निघतात. वर आभाळात इलेक्ट्रॉनांची गर्दी असते, तिच्यात एक जास्त रखडतो. तो किती मागे पडला, त्यावरून मी गर्दी मोजतो."

काकांचे डोळे बारीक झाले. "एकत्र निघाले नि एक मागाहून पोचला? मग वाटेत काय करत होता, ते हे यंत्र विचारतं?"

"रात्रंदिवस तेवढंच विचारतं."

तेव्हा वाटलं, मी त्यांना विज्ञान पटवलं. आता कळतं, त्यांना जोडीदार भेटला होता. त्यांनी हारा उचलला आणि अँटेना पंच्यानं हळूच पुसली.

"राहू दे. कोणावर विश्वास ठेवत नाही, म्हणजे गुणाचं आहे हो!"