आधी केबल बघा

संगणकाच्या क्लासमध्ये नेटवर्किंग शिकवणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे दरवानबाई म्हणत. नाव उगाच पडलं नव्हतं. कुणी संगणक उघडा टाकून पाणी प्यायला गेलं, की बाई हळूच जाऊन त्याच्या स्क्रीनवर 'आज सगळ्यांना चहा माझ्याकडून' असं मोठ्या अक्षरांत लिहून यायच्या. आणि पाजायला लावायच्याही. मॉनिटरला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी सापडली, तर तिचं भर वर्गात जाहीर वाचन व्हायचं.

फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी, हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. तो नियमांची यादी वरून खाली वाचतो आणि जो नियम पहिला लागू पडेल तिथंच थांबतो, हे त्या घोटून घोटून सांगत. म्हणून दूरच्या यंत्रावर काम करताना आधी स्वतःला आत घ्या, मग बाकीच्यांना बंदी करा. उलटं केलंत तर बसा बाहेर बोंबलत.

एक दिवस हे उलटं खुद्द बाईंच्याच हातून झालं.

बाईंचे बाबा दूर दुसऱ्या गावी एकटे राहत. आयुष्य छापखान्यात गेलं आणि यंत्रांच्या खडखडाटात कानही गेले. फोन त्यांच्या काही कामाचा नव्हता, पण मोठ्या स्क्रीनवर लेकीचे ओठ त्यांना बरोबर वाचता येत. त्यामुळे रोज संध्याकाळी बापलेक स्क्रीनसमोर बसत, आणि तिकडच्या राउटरची देखभाल बाई इथूनच करत.

आदल्या संध्याकाळी दोघांचं चांगलंच वाजलं होतं. माझ्याकडे राहायला या, हा बाईंचा जुना हट्ट. येणार नाही, हा बाबांचा त्याहून जुना. बोलता बोलता बाईंनी तावातावानं कॉल तोडला. ते मनाला लागून राहिलं होतं, आणि तशाच मनानं त्या वर्गाला खरंखुरं उदाहरण दाखवायला बाबांच्या राउटरमध्ये शिरल्या. 'आत-बाहेर सगळं बंद' हा नियम सगळ्यात वर बसला, त्यांची स्वतःची परवानगी खाली राहिली, आणि बाईंनी मोठ्या ऐटीत बटण दाबलं. राउटर गप्प झाला.

वर्गात खसखस पिकली. आता बोंबलायचं का, असं मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलंच. बाईही हसल्या, पण नजर घड्याळाकडे गेली. संध्याकाळी बाबा स्क्रीनसमोर बसतील, लेक दिसणार नाही, आणि कालच्या भांडणानंतर ते त्याचा एकच अर्थ लावतील. शेजाऱ्यांकरवी निरोप धाडता आला असता, पण 'मी रागावलेली नाही' हे काय शेजाऱ्यांच्या तोंडून सांगायचं? बाईंनी वर्ग सोडला आणि बस पकडली.

त्या पोचल्या तेव्हा बाबा इस्त्रीचा शर्ट घालून रिकाम्या स्क्रीनसमोर बसले होते. लेकीला दारात पाहून, छापखान्यात बोलायचे तसे मोठ्यानं म्हणाले, "मला वाटलं, तू बोलणंच टाकलंस."

बाई समोर बसल्या आणि ओठ नीट दिसतील अशा बेतानं म्हणाल्या, "बोलणं कसलं टाकते, बाबा. दार लावून घेतलं आणि मीच बाहेर राहिले."

मग सगळी चूक समजावून सांगावी लागली. ती डोक्यात शिरल्यावर बाबा इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले. राहायला येण्याचा विषय दोघांनीही काढला नाही. बाईंनी नियमांचा क्रम सुधारला, मुक्काम केला आणि सकाळी परतल्या.

पुढच्या महिन्यात पुन्हा कॉल लागेना. बाईंनी इथून तपासलं. राउटर ठणठणीत उत्तर देत होता, नियम जागच्या जागी होते. फक्त बाबांचा संगणक राउटरला दिसत नव्हता. नेटवर्क बंद पडलं तर आधी केबल बघा, हे त्या पहिल्याच तासाला शिकवत. शेजाऱ्यांना सांगितलं असतं तर चुटकीसरशी काम झालं असतं. बाईंनी बस पकडली.

केबल टेबलावरच होती. नीट गुंडाळून दोऱ्यानं बांधलेली, छापखान्यातून गठ्ठे बाहेर पडतात तशी.

"उंदीर असेल," बाबा दुसरीकडे बघत म्हणाले.

गॅसवर दोघांचा चहा आधीच उकळत होता. बाईंनी केबल उचलली, गाठ पाहिली आणि तशीच परत ठेवून दिली. ती उद्या निघताना लावली तरी चालणार होतं.